बेचाळीस हजारांचं बोट

पत्र

काकू, नमस्कार.

मी सिडकोत पवननगरजवळ राहते, घरीच ब्लाउज शिवते. वय ४७. सहा वर्षांपासून शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. दोन महिन्यांपासून उजव्या हाताची अनामिका सकाळी मिटलेलीच राहते. डाव्या हाताने ओढली की खटकन उघडते आणि कळ पार तळहातात जाते. एका मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं. ट्रिगर फिंगर आहे, ऑपरेशन करून टाका म्हणाले आणि ४२,००० चं इस्टिमेट हातात दिलं. आमचे नेहमीचे डॉक्टर म्हणतात, आधी एक इंजेक्शन घेऊन बघा. शेजारच्या मावशी म्हणतात ते स्टिरॉइड असतं, हाडं ठिसूळ होतात. भाचा विमा एजंट आहे. तो म्हणतो, आत्ता पॉलिसी काढ, महिन्याभराने ऑपरेशन कर. मिस्टर अंबडला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहेत. पगार १८,०००, पण कापाकापी होऊन हातात १६ च्या आतच येतात. पुढच्या महिन्यात माझी भिशी लागणार आहे, ४०,००० येतील. ते यात घालू का? लग्नसराई तोंडावर आहे, दिवसाला चार ब्लाउज होतात, ३५० प्रमाणे. रात्री हाताला मुंग्या येऊन जाग येते, पण ते अशक्तपणाने असेल. सुई तर हल्ली मुलगीच ओवून देते. काय करू?

– एक वाचक, नाशिक

उत्तर

ताई, इस्टिमेटचा फोटो पत्रासोबत जोडलात ते फार बरं केलंत. मी डॉक्टर नाही. एकतीस वर्षं एका रुग्णालयाच्या बिलाच्या खिडकीमागे बसले आहे, त्यामुळे असा कागद समोर आला की आधी बेरीज तपासते आणि मग प्रत्येक ओळ कशासाठी आली ते बघते. दुखण्याबद्दल जे लिहिते आहे ते एका हाडांच्या डॉक्टरांना वाचून दाखवलं आहे. तरी बोट त्यांनी पाहिलेलं नाही, हे लक्षात असू द्या.

तुमच्या कागदावरच्या ओळी अशा आहेत: सर्जन १४,०००, ओटी (ऑपरेशन थिएटर) ९,०००, औषधं आणि साहित्य ६,०००, भूलतज्ज्ञ ५,०००, रूम ३,५००, तपासण्या ३,५००, नर्सिंग आणि फाइल १,०००. बेरीज बरोबर आहे. आता यातल्या किती ओळी तुमच्या बोटाच्या आहेत आणि किती तुम्ही तिथे एक रात्र झोपणार आहात म्हणून आल्या आहेत, ते पाहू. त्याआधी बोटात झालंय काय, ते तुमच्याच भाषेत सांगते.

परकराच्या नेफ्यातून नाडी कशी सरकते? तसंच बोट मिटवणारा स्नायुबंध तळहातातून एका नळीत सरकत असतो. त्या नळीचं तोंड बोटाच्या मुळाशी, तळहातावरच्या पहिल्या रेषेच्या आसपास असतं. नाडीला गाठ पडली किंवा नेफ्याचं तोंड आवळलं की नाडी तिथे अडते आणि जोरात ओढली तर खटकन पुढे जाते. तुमचा ‘खटकन’ आवाज तोच. शुगर असणाऱ्यांत हे दुखणं जास्त दिसतं. त्यातून तुमची कात्री रोज त्याच जागी रुतते. ऑपरेशन म्हणजे नेफ्याच्या तोंडाचे चार टाके उसवणं. बोटाला हात लावत नाहीत, हाडाला तर नाहीच. तळहातावर सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा छेद, आतला आवळलेला पट्टा कापायचा, दोन-तीन टाके घालायचे. दहा-पंधरा मिनिटांचं काम.

मग दहा-पंधरा मिनिटांच्या कामाला रूम, भूलतज्ज्ञ आणि मोठी ओटी कशाला लागते? याला कारण आहे आणि ते लबाडीचंच असतं असं नाही. हाताचं ऑपरेशन करताना रक्त आलं तर बारीक शिरा दिसत नाहीत, म्हणून दंडाला पट्टा आवळून रक्त थांबवण्याची जुनी रीत आहे. तो पट्टा थोड्या वेळाने असह्य दुखू लागतो. दुखू नये म्हणून गुंगी किंवा सगळ्या हाताची भूल द्यायची, भूल आली की भूलतज्ज्ञ आला. भूलतज्ज्ञ आला की ईसीजी, छातीचा एक्स-रे, उपाशी राहणं, नंतर देखरेख, म्हणजे खाट आली. एका पट्ट्यामागे एवढी वरात.

दुसरी रीत अशी की भुलीच्या औषधात ॲड्रेनॅलिन मिसळून ते फक्त तळहातात टोचायचं आणि वीस-पंचवीस मिनिटं थांबायचं. ॲड्रेनॅलिनने तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्त फारसं येत नाही, पट्टा लागतच नाही. बोटात ॲड्रेनॅलिन टोचलं तर बोट काळं पडतं, अशी शिकवण डॉक्टरांच्या कित्येक पिढ्यांना मिळाली होती. कॅनडातले प्लास्टिक सर्जन डोनाल्ड लालोंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही भीती निराधार असल्याचं दाखवून दिलं आणि ही रीत जगभर नेली. हाताची नस मोकळी करण्याच्या ऑपरेशनचा हिशेबही २००७ साली कॅनडात मांडला गेला. तेच ऑपरेशन मुख्य ओटीत केलं तर बाहेरच्या छोट्या प्रोसिजर रूमपेक्षा जवळजवळ चौपट खर्च येत होता. तो देश वेगळा आणि तिथले दर वेगळे, पण खर्च कशाने फुगतो ते इथेही तसंच आहे. जागं राहण्याचा आणखी एक फायदा म्हणजे टाके घालण्याआधी डॉक्टर सांगतात, बोट मिटवा, उघडा. अडत नाही हे तुम्हीच तिथल्या तिथे बघता. गुंगीतल्या बाईला हे विचारता येत नाही.

तर आता कागद पुन्हा हातात घ्या. रूम, भूलतज्ज्ञ, नर्सिंग आणि बहुतेक तपासण्या या मुक्कामाच्या ओळी आहेत, तपासण्यांची पूर्ण ओळ धरली तर त्यांची बेरीज १३,०००. त्या गेल्या तर २९,००० उरतात. मोठ्या ओटीऐवजी मायनर ओटी झाली तर ९,००० ची ओळ खाली येते आणि साहित्याचीही येते. शुगरची तपासणी मात्र कुठेही करायला लावतील, ती टाळू नका. आणखी एक गोष्ट खिडकीबाहेरच्या लोकांना सहसा ठाऊक नसते. बऱ्याच ठिकाणी सर्जनची फीसुद्धा रूमच्या दर्जाप्रमाणे ठरते. जनरल वॉर्डला एक, सेमी-प्रायव्हेटला दुसरी, डिलक्सला तिसरी. सुरी तीच आणि हातही तोच. मी स्वतः असे दर कॉम्प्युटरमध्ये भरले आहेत, आणि ते भरताना मला कुणी कारण सांगितलं नाही.

म्हणून त्या हॉस्पिटलात फोन करा आणि थेट विचारा: हेच ऑपरेशन फक्त जागेवरची भूल देऊन, दाखल न करता, मायनर ओटीत कराल का आणि त्याचं लेखी इस्टिमेट द्याल का? टाके काढणं आणि ड्रेसिंग त्यात धरलं आहे का, हेही विचारा. वेगळ्या बिलाचे झटके तिथेच बसतात. भीड बाळगू नका. महाराष्ट्रातल्या नर्सिंग होम नोंदणीच्या नियमांत २०२१ मध्ये बदल झाला, त्यानुसार खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद आणि मुख्य दर दिसतील असे लावायचे आहेत. दर विचारणं हा उद्धटपणा नाही. ते ‘आमच्याकडे अशीच पद्धत आहे’ म्हणाले, तर हाताचं काम करणारा दुसरा सर्जन गाठा. नाशिकमध्ये हाडांचे आणि प्लास्टिक सर्जरीचे डॉक्टर काही कमी नाहीत.

पण ऑपरेशन ही तुमची पहिली पायरी आहे का? मला तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांचं म्हणणं पटतं.

इंजेक्शन स्टिरॉइडचंच असतं, मावशी तेवढं बरोबर बोलल्या. हाडं ठिसूळ होतात ती महिनोन्महिने स्टिरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांची. बोटाच्या मुळाशी एकदा टोचलेल्या थेंबभर औषधाने तसं होत नाही. औषधाची कुपी काहीशे रुपयांत मिळते. टोचण्याची आणि तपासण्याची फी धरली तरी इस्टिमेटच्या शेजारी ठेवण्याइतका आकडा होत नाही. निम्म्याहून जास्त लोकांना त्याने आराम पडतो. शुगर असणाऱ्यांत हे प्रमाण कमी असतं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. आराम दुसऱ्या दिवशी मागू नका, दोन-तीन आठवडे द्या. आणि तुमच्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचं: इंजेक्शननंतर काही दिवस शुगर चढते. घरी मशीन असेल तर आठवडाभर रोज बघा, नसेल तर कुणाचं मागून आणा. सध्या शुगर फारच चढलेली असेल तर आधी ती आटोक्यात आणायला सांगतील. टोचलेल्या जागी कातडी थोडी पांढुरकी किंवा पातळ होऊ शकते. एका इंजेक्शनने थोडा फरक पडला तर दुसरं देतात. त्यापुढे तेच तेच टोचून घेत बसण्यात अर्थ नाही, मग छोटं ऑपरेशनच स्वस्त पडतं.

एक्स-रे आणि एमआरआयचं म्हणाल, तर अडकणारं बोट डॉक्टरला हाताने तपासूनच कळतं. मार लागलेला नसताना कुणी एमआरआय लिहून दिला तर ‘याने उपचारात काय बदलेल?’ एवढं विचारा.

आता तुमच्या कागदावर नसलेली ओळ. दिवसाला चार ब्लाउज, ३५० प्रमाणे १,४०० रुपये. ऑपरेशननंतर दहा ते चौदा दिवसांनी टाके निघतात, त्यानंतरही कात्री धरायला थोडे दिवस जातात. पंधरा दिवस धरले तरी २१,००० बुडाले, तेही लग्नसराईत. हे कुठलंच इस्टिमेट दाखवत नाही. म्हणून मला वाटतं, आत्ता इंजेक्शन घ्या, रात्री बोट सरळ ठेवणारी छोटी पट्टी बांधा आणि हंगाम पार पाडा. आषाढी एकादशीनंतर मुहूर्त थांबतात, कामही थंडावतं. तोवर बोट मोकळं झालं तर देवाची कृपा. नाही झालं तर तेव्हा ऑपरेशन करा, म्हणजे गौरी-गणपतीच्या ऑर्डरींपर्यंत हात तयार होईल.

मधल्या काळात कात्रीच्या कड्यांना जाडसर चिंधी गुंडाळा. कटिंग एका दिवशी आणि शिलाई दुसऱ्या दिवशी असं करत असाल तर कटिंग विभागून घ्या, एका बैठकीत दहा ब्लाउज कापू नका. सकाळी उठल्यावर हात कोमट पाण्यात ठेवून बोट सावकाश हलवा, ओढून खटकन उघडायची सवय सोडा. आणि तेल लावून ती गाठ चोळून फोडायला कुणी बसलं तर हात मागे घ्या.

आता पैसे कुणाचे, ते पाहू. तुमच्या पत्रातली मला सगळ्यांत मोलाची वाटलेली ओळ मिस्टरांच्या पगाराची आहे. १८,००० चे १६ च्या आत होतात म्हणजे पीएफ आणि व्यवसाय कर कापला जातोय. त्याखाली बहुधा एक बारकी ओळ असेल, ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची. कामगाराचे पाऊण टक्का कापतात, म्हणजे १८,००० वर १३५ रुपये. मालक वर सव्वातीन टक्के, म्हणजे ५८५ भरतो. महिन्याला २१,००० पर्यंत पगार असलेल्या कामगारांसाठी ही योजना आहे आणि दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कारखान्यांना ती लागू आहे. कॉन्ट्रॅक्टवरचा माणूस यातून सुटत नाही. आणि यात बायकोही येते. मेडिक्लेम साधारणपणे ओपीडीचे पैसे देत नाही, ईएसआय मात्र ओपीडीपासूनच सुरू होतं. तपासणी, औषध, इंजेक्शन, लागलं तर ऑपरेशन. सातपूरला त्यांचं रुग्णालय आहे, सिडकोतून ते काही लांब नाही.

सॅलरी स्लिप मिळत नसेल तर मिस्टरांना सांगा, ठेकेदाराकडून विमा क्रमांक मागून घ्या आणि कार्डावर तुमचं नाव व फोटो लागलाय का ते बघा. बऱ्याच घरांत नवऱ्याचं कार्ड असतं पण त्यावर बायकोची नोंदच केलेली नसते. हे मी खिडकीत इतक्या वेळा पाहिलंय की मोजणं सोडून दिलं. लोक दागिने गहाण ठेवून बिल भरायचे आणि खिशात ते कार्ड घडी घालून ठेवलेलं असायचं. दरमहा १३५ कापत असतील आणि नाव लागलेलं नसेल, तर आधी ते काम करा. पैसे कापूनही नोंदणीच केलेली नसेल तर ईएसआयच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या.

ते जमलंच नाही तर त्र्यंबक रोडचं सिव्हिल आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासणी आणि ऑपरेशनपर्यंत उपचार मोफत आहेत. पैसे लागणार नाहीत, वेळ लागेल. सकाळी लवकर जा, शुगरचे जुने कागद घेऊन जा, हाडांची ओपीडी कोणत्या वारी असते ते आदल्या दिवशी कुणाला तरी विचारायला लावा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दलही तुम्हाला कुणीतरी सांगेलच. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे हे खरं, पण ती दाखल होऊन करायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे, ओपीडीतल्या इंजेक्शनला तिचा उपयोग नाही. ऑपरेशनची वेळ आलीच तर आरोग्यमित्राच्या (रुग्णालयात बसणाऱ्या या योजनेच्या माणसाच्या) टेबलावर विचारून बघायला काही जात नाही.

भाच्याला प्रेमाने नाही म्हणा. नव्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. शुगर लपवून पॉलिसी काढली आणि नंतर ते उघड झालं, तर उद्या खरोखर मोठं काही आलं तेव्हा क्लेम नाकारतील. आरोग्य विमा काढाच, पण शुगर लिहून काढा आणि या बोटासाठी काढू नका.

भिशीच्या चाळीस हजारांना तूर्त हात लावू नका.

आता ज्या दोन वाक्यांवरून तुम्ही घाईने पुढे गेलात, त्यांच्याकडे येते. रात्री मुंग्या येऊन जाग येते, असं लिहिलंत. हे अडकलेल्या बोटाचं लक्षण नाही. मनगटात एक अरुंद बोगदा असतो, त्यातून जाणारी नस दबली की असं होतं. त्याला कार्पल टनेल म्हणतात. शुगर, थायरॉइड आणि सतत हाताचं काम अशा तिन्हींशी त्याचं नातं आहे, आणि अडकणारं बोट व दबलेली नस एकाच हातात सापडणं नवलाचं नाही. आज रात्री जाग आली की नीट बघा, मुंग्या कुठल्या बोटांत आहेत. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू, पण करंगळी मोकळी, असं असेल तर बहुतेक ही नस. हात झटकल्यावर बरं वाटतं का, तेही पाहून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.

हे वेळेत धरलं तर स्वस्तातलं दुखणं आहे. मनगट सरळ ठेवणारा पट्टा औषधाच्या दुकानात काहीशे रुपयांत मिळतो, तो फक्त रात्री बांधायचा. अनेकांना तेवढ्याने आराम पडतो. थायरॉइडची रक्ततपासणी एकदा करून घ्या. नसेची तपासणी, जिला एनसीव्ही म्हणतात, ती निदान पक्कं करायला किंवा ऑपरेशन ठरवायचं असेल तेव्हा लागते. पहिल्याच दिवशी तिचे पैसे घालायलाच हवेत असं नाही. बोट अडकलं तर ते उद्याही सोडवता येतं, पण नस फार दिवस दबून राहिली तर अंगठ्याच्या मुळाचा उंचवटा झिजतो आणि गेलेली ताकद पैसे टाकूनही पूर्ण परत येईलच असं नाही. म्हणून इथे ‘हंगामानंतर बघू’ हा माझाच सल्ला मी मागे घेते. इंजेक्शनला जाल त्याच भेटीत मनगटही दाखवा. फी एकदाच पडेल, आणि पुढे दोन्हींचं ऑपरेशन करायची वेळ आली तर एकाच बैठकीत होतं का, तेही विचारता येईल.

बोट लाल होऊन सुजलं, गरम लागलं, सरळ करताना जीव जाईल असं दुखलं किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. शुगर असताना हातातला पू थांबून राहत नाही.

आणि ताई, सुई मुलगी ओवून देते असं लिहिलंत, ते कशामुळे? छिद्र दिसत नाही म्हणून, की अंगठा आणि तर्जनीत सुई धरवत नाही, हातातून निसटते म्हणून? दिसत नसेल तर चष्म्याचा नंबर बदला. निसटत असेल तर कार्ड, भिशी, फोन सगळं बाजूला ठेवा आणि उद्या सकाळीच हात दाखवून या.